रॉकेट घराण्याचा पेढा

लंडनच्या ब्रोकरकडून आलेला टेलेक्स सबनीस साहेबांनी माझ्या टेबलावर ठेवला आणि ते तिथेच उभे राहिले. साहेब उभे राहिले म्हणजे काम आजचं असे.

"दातारबाई, उपग्रह आहे. अमेरिकन रॉकेटवरून जातोय. या रॉकेटच्या घराण्याचा आजवरचा रेकॉर्ड पाहा आणि मला एक नोट द्या. चांगली नोट द्या."

"चांगली म्हणजे, साहेब?"

"म्हणजे वाचल्यावर जनरल मॅनेजर प्रश्न विचारणार नाहीत अशी."

ऐंशीच्या दशकाची मधली वर्षं होती. मी एका विमा कंपनीच्या पुनर्विमा विभागात अधिकारी होते. फोर्टातल्या मुख्य कचेरीत जागा पुरेना, म्हणून आमचा विभाग अंधेरी पूर्वेला एका औद्योगिक इमारतीत हलवला होता. खाली रबरी वायसर बनवणारा कारखाना होता. आमच्या फायलींनाच काय, डब्यातल्या पोळ्यांनाही रबराचा वास येई.

माझ्या समोरच्या टेबलावर नलिनी परब बसायची. गेल्या महिन्यात ती गेली. तेराव्याला मी घाटकोपरला तिच्या घरी गेले, तेव्हा तिच्या मुलीने विचारलं, "मावशी, आई रॉकेटच्या पेढ्याची गोष्ट सांगायची. ती खरी का?" मी मान डोलावली, पण त्या घरात, त्या दिवशी, मला ती सांगता आली नाही. म्हणून सावकाश लिहिते आहे.

आधी पुनर्विमा म्हणजे काय ते सांगते. एखादा धोका एका कंपनीला झेपणार नसतो. मग ती त्याचे भाग करून जगभरच्या कंपन्यांना देते. प्रत्येकीने आपला वाटा उचलायचा, तेवढा प्रीमियम घ्यायचा आणि नुकसान झालं तर तेवढीच भरपाई द्यायची. सगळ्यात आधी जी सही करते तिला लीडर म्हणतात. अटी लीडर ठरवते. बाकीच्यांनी मागून यायचं. आम्ही नेहमी मागून येणारे. आणि आलेल्या वाट्यातलाही थोडाच भाग आम्ही स्वतःच्या डोक्यावर ठेवत असू, उरलेला पुढे दुसऱ्यांना वाटून देत असू.

या वेळी साहेबांना आलेला वाटा सगळाच्या सगळा स्वतःकडे ठेवायचा होता. काही महिन्यांनी ते निवृत्त होणार होते. विभाग त्यांनीच उभा केला होता. पण मुख्य कचेरीत त्याला 'आकाशातला धंदा' म्हणून हसत, आणि जनरल मॅनेजरांनी साहेबांना तोंडावर सांगितलं होतं, की एक मोठा क्लेम येऊ द्या, त्या दिवशी तुमच्या विभागाला कुलूप. साहेबांना जाण्याआधी एकदा भरघोस परदेशी प्रीमियम दाखवून ही तोंडं बंद करायची होती. कुलूप लागलं असतं तर आम्हा सगळ्यांच्या बदल्या कुठे कुठे झाल्या असत्या, हे आम्हालाही ठाऊक होतं.

मी नोटेला बसले. त्या रॉकेटचं नाव सांगत नाही, आमच्या धंद्यात ते बरं दिसत नाही. मूळ पुरुष एक क्षेपणास्त्र. पुढे कोणी त्याच्या टाक्या लांबवल्या, कोणी अंगाला मदतीची छोटी रॉकेटं बांधली, कोणी डोक्यावर नवा टप्पा चढवला. प्रत्येक पिढीला वेगळा क्रमांक, आडनाव तेच. आमच्या घरी दातारांचा कुलवृत्तांत होता. मी हे वाचन त्याच चालीवर केलं. सुरुवातीच्या पिढीत अपयशं होती, काही उड्डाणातच फुटली. मग घराणं सावरलं आणि पुढे यशामागून यश. इतका स्वच्छ रेकॉर्ड मी आगीच्या किंवा मोटारीच्या विम्यात कधी पाहिला नव्हता. मी मनापासून चांगली नोट लिहिली.

जेवणाच्या सुट्टीत ती नलिनीपुढे सरकवली. तिने एका हाताने वाचली. दुसऱ्या हातात तिसऱ्यांचं कालवण लावलेला भाकरीचा तुकडा होता.

"झकास लिहिलंयस. लग्नाला उभं कर याला." मग ती थांबली. "पण वसू, यशस्वी म्हणजे काय गं? पोचलं म्हणजे कुठे पोचलं?"

"अवकाशात."

"अवकाश केवढं मोठं! त्यात कुठे?"

नलिनी आमच्याकडे येण्याआधी बरीच वर्षं सागरी मालाच्या विम्यात होती. साहेब जहाजांच्या विम्यातले. बाहेरच्याला दोन्ही एकच वाटतं. पण जहाजवाल्यांच्या दृष्टीने जहाज बंदराला सुखरूप लागलं की प्रवास संपला. मालवाल्यांची पॉलिसी मात्र गोदामापासून गोदामापर्यंत असते. पेटी जहाजातून उतरते, धक्क्यावर पडून राहते, ट्रकमध्ये चढते, आणि भिजते, फुटते, चोरीला जाते ती बहुतेक वेळा इथेच. जहाजाच्या नावावर मात्र डाग नसतो.

मी पॉलिसीचा मसुदा पुन्हा काढला. रॉकेट उपग्रहाला त्याच्या कायमच्या जागेवर नेत नाही. एका लांबट कक्षेत सोडतं आणि त्याचं काम तिथे संपतं. पुढची चढण उपग्रहाने स्वतःची मोटर पेटवून चढायची असते. रॉकेटच्या रेकॉर्डमध्ये 'यश' म्हणजे उपग्रह ठरल्या ठिकाणी सोडला, एवढंच. आमची पॉलिसी मात्र उपग्रह कायमच्या जागेवर पोचेपर्यंत.

मी ब्रोकरला टेलेक्स केला: या रॉकेटने सोडलेल्या उपग्रहांचं पुढे काय झालं? उत्तर आलं, की रेकॉर्ड रॉकेटचा आहे, लीडर समाधानी आहे, आपला वाटा कृपया लवकर कळवावा. मी पुन्हा विचारलं. संध्याकाळी यंत्र खडखडलं. काही उपग्रह सोडल्यानंतर अडकले होते. त्यांची नोंद रॉकेटच्या खात्यावर नव्हती, आणि नसायलाच हवी होती. कुणीही खोटं बोललं नव्हतं. आम्हीच जहाजाचा दाखला बघून मालाचा धोका अंगावर घेत होतो.

दोघी साहेबांच्या केबिनमध्ये गेलो. त्यांनी ऐकून घेतलं.

"मी मघाशीच होकार पाठवला," ते म्हणाले.

"नोट न बघता?" माझ्या तोंडून निघून गेलं.

"रेकॉर्ड डोळ्यांपुढे होता, दातारबाई. आयुष्यभर जहाजांचे विमे केले मी. जहाज बंदराला लागलं की फाइल बंद."

नलिनी म्हणाली, "साहेब, तुमची फाइल बंद होते ना, तेव्हाच आमची उघडते."

साहेबांनी चष्मा काढला. टेलेक्सवर दिलेला होकार म्हणजे दिलेला शब्द. तो फिरवला तर लंडनचा बाजार पुन्हा आमच्याशी बोलला नसता. अटी बदलायचा हक्क लीडरचा. आमच्या हातात एकच गोष्ट उरली होती, वाट्यातला भाग दुसऱ्या कुणाच्या तरी गळ्यात घालणं. तेही उड्डाणाच्या आधी.

"अर्धा," साहेब म्हणाले. "अर्धा तरी घालवा. अर्ध्याला मी जनरल मॅनेजरांपुढे उभा राहू शकेन."

पुढचे दिवस आम्ही टेलेक्स यंत्राजवळच खुर्च्या टाकल्या. एक कंपनी म्हणाली, आमच्याकडे हाच उपग्रह आधीच आहे. दुसरी म्हणाली, आम्ही आकाशात जात नाही. तिसरीने जास्त प्रीमियम मागितला. साहेब दर थोड्या वेळाने केबिनच्या दारात येत, आम्ही मान हलवली की परत जात.

उड्डाणाच्या आदल्या दुपारी युरोपातल्या एका जुन्या कंपनीचा होकार आला. अर्धा वाटा, आमच्याच दराने. फक्त त्यांच्या कचेरीची वेळ संपण्याआधी आमचं पक्कं उत्तर हवं. मी ऑपरेटरकडे मजकूर दिला. त्याने नंबर फिरवला, पुन्हा फिरवला.

"मॅडम, लाइन डेड."

"किती वेळ?"

"एमआयडीसीची लाइन आहे मॅडम. ते काय सांगता येतं?"

साहेब बाहेर आले. "राहू द्या. प्रयत्न केलात. आता देवावर."

"देवाकडे टेलेक्स आहे का, साहेब?" नलिनीने पर्स उचलली. "सहारला आहे. चल गो, उठ!"

विमानतळाच्या कार्गो विभागाजवळ माल सोडवणाऱ्या एजंटांची ऑफिसं होती. मालाच्या क्लेमपायी तिचं त्यांच्याशी वर्षानुवर्षं भांडण होतं, म्हणजे चांगली ओळख. रिक्षात ट्रक आडवा आला की ती मालवणीत पुटपुटत होती. एजंटचं ऑफिस म्हणजे लाकडी खोक्यांच्या मधली एक फट.

"परबबाई!" तो हात जोडून म्हणाला. "आता कुठली पेटी फोडली मी?"

"आज तुझं काही फोडायला नाही आले. तुझं यंत्र दे."

मजकूर गेला. मी उठले. नलिनीने हात धरून मला बसवलं.

"आन्सरबॅक येऊ दे."

टेलेक्समध्ये मजकूर पुरा झाला, की पलीकडचं यंत्र आपलं ठरलेलं नाव आपोआप छापतं. त्याला आन्सरबॅक म्हणतात. मजकूर पलीकडे उमटला, याचा तो पुरावा. यंत्र गप्प होतं. एजंटचा पंखा कुरकुरत होता. त्याने चहा मागवला, तो आला, त्यावर साय धरली. नलिनी कागदाकडे बघत होती आणि मी तिच्याकडे. मग अक्षरं उमटली: त्या कंपनीचं नाव, त्यांच्या देशाचं अक्षर. तिने कागद टरकावला, घडी घातली आणि सायीसकट चहा पिऊन टाकला.

दुसऱ्या दिवशी सकाळी आमची लाइन सुरू झाली होती. पहिलाच टेलेक्स लंडनचा. उड्डाण उत्तम झालं, उपग्रह ठरल्या कक्षेत सोडला. घराण्याच्या रेकॉर्डमध्ये आणखी एक यश.

साहेबांनी शिपायाला पेढे आणायला पिटाळलं. पेढे येताच स्वतः खोकं घेऊन टेबलांवरून फिरले. आमच्यापाशी आले तेव्हा त्यांचा आवाज मोकळा होता.

"घ्या. अर्धा प्रीमियम तुम्ही दोघींनी युरोपला दान केलात. तरी घ्या."

मी घेतला आणि खाल्ला. नाही म्हणायचं धाडस मला नव्हतं.

नलिनीने पेढा हातात घेतला, पण तोंडात घातला नाही. "माल गोदामात पोचूदे, साहेब. मगे खातंय."

"परबबाई, अपशकुन करू नका."

"अपशकुन नाही हो. पॉलिसी वाचतेय."

तिने तो कागदात गुंडाळून खणात ठेवला. सगळे हसले. तिच्यामागे दोनचार जण वाईटही बोलले. उपग्रहाची मोटर काही दिवसांनी पेटवायची होती. त्या दिवसांत साहेब तिच्या टेबलाकडे बघायचं टाळत होते, असं मला वाटलं.

मोटर पेटली आणि मध्येच थांबली. उपग्रह ना वर गेला, ना खाली आला. त्या लांबट कक्षेत कुणाच्या उपयोगाचा न होता फिरत राहिला. पॉलिसीच्या भाषेत पूर्ण नुकसान.

टेलेक्स साहेबांच्या हातात होता. केबिनचं दार बराच वेळ बंद राहिलं. मग ते बाहेर आले आणि थेट नलिनीच्या टेबलाशी येऊन उभे राहिले.

"परबबाई, तो पेढा आहे का अजून?"

तिने खण उघडून पुडी दिली. साहेबांनी तो तोडायचा प्रयत्न केला. तो दगड झाला होता. शेवटी टेबलाच्या कडेवर ठेवून पेपरवेटने फोडला. एक तुकडा कागदावरच ठेवला.

"हा युरोपवाल्यांचा. हा आपला." आणि दुसरा तोंडात टाकला.

नलिनी म्हणाली, "दात सांभाळा, साहेब. त्याचा विमा आपल्याकडे नाही."

साहेब हसले. मग रुमाल काढून त्यांनी बराच वेळ चष्मा पुसला.

अर्ध्या क्लेमचा घाव मोठाच होता, पण विभाग टिकला. जनरल मॅनेजरांपुढे साहेब स्वतः उभे राहिले आणि अर्धा कुणामुळे वाचला हेही सांगून आले. निवृत्तीच्या दिवशी त्यांनी पेढे मागवले नाहीत, सामोसे मागवले.

त्यानंतर आमच्याकडे कुठलाही रेकॉर्ड आला, की मी आधी विचारायची, हा कोणाचा, आणि तो कुठे संपतो? आमचा धोका त्याच्या पुढे जात असेल, तर रेकॉर्ड कितीही साफ असो, तो दुसऱ्याचा. धंद्यातला धडा एवढाच.

तेराव्याला नलिनीच्या मुलीने तोंड गोड करायला माझ्या हातावर पेढा ठेवला. तो मी कागदात गुंडाळून मुलुंडला घरी आणला. फडताळात आहे. नलिनीचा नियम मला पाठ आहे, पण या वेळी माल कुठे पोचला ते मला कळायला मार्ग नाही. पलीकडचं यंत्र आपलं नाव छापत नाही.