इस्त्री घेऊन प्रिंटर बघणारा माणूस

प्रिंटर विकत घ्यायला कुणी घरची इस्त्री घेऊन जातं का?

आमच्या बुलढाण्याच्या गल्लीतला एक कारकून जातो. गल्लीच्या बोअरच्या स्टार्टरमधलं सर्किट जळालंय. कंपनी म्हणते, सर्किट सुटं मिळत नाही, अख्खी पेटी नवी घ्या. ही सरळसरळ दादागिरी आहे, आणि ती न मानणारा गल्लीत हा एकटाच. सर्किट तो घरी बनवणार. त्याचा नकाशा कागदावर छापायचा, कागद तांब्याच्या पत्र्यावर पालथा ठेवून इस्त्री फिरवायची, की काळ्या रेघा पत्र्यावर उतरतात; बाकीचं उघडं तांबं रसायनात विरघळवलं की सर्किट तयार. शाईच्या प्रिंटरने हे होत नाही, पावडरचाच, म्हणजे लेझर प्रिंटरच लागतो.

म्हणून तो स्थळं बघावीत तसे प्रिंटर बघत हिंडतो. काल मी सोबत होतो. दुकानदाराने कौतुकाने रंगीत प्रिंटर पुढे केला.

"रंग घेऊन काय करू बे? पावडरवाला दाखव. अन् इस्त्री लावाले प्लग कुठी हाय?"

"काका, इथं लोक प्रिंटर घ्याले येतात. तुम्ही तं धुणं घेऊन आले."

पावडरच्या प्रिंटरवर नकाशा छापून घेऊन त्याने सोबत आणलेल्या पत्र्यावर काउंटरवरच इस्त्री फिरवली. निम्म्या रेघा कागदालाच चिकटून राहिल्या. त्याने पत्रा पुसला आणि दुकानदाराकडे न बघता प्रिंटरला हळूच म्हणाला, "घरी विचारून कळवतो." आजवर प्रत्येक प्रिंटरला त्याने हेच सांगितलंय.

तुमच्या माळ्यावर जुना पावडरचा प्रिंटर धूळ खात असेल, तर तो भंगारात देऊ नका. आमच्या गल्लीत घेऊन या, आणि येताना प्यायचं पाणी तेवढं आपलं आणा.