हँडलवालं मशीन

श्रीगोंद्यात स्टँडजवळ माझं कॉम्प्युटरचं दुकान आहे. बारा वर्षं झाली. माल कमी खपतो, किस्से मात्र रोज येऊन पडतात, आणि ते ऑनलाईन स्वस्त मिळत नाहीत म्हणून अजून माझ्याकडेच आहेत. मन लावून सांगायचा उत्साह आता राहिलेला नाही. तरी ऐका.

*

एक बागायतदार पुतण्यासाठी गेमिंग पीसी बघायला आले. मी प्रोसेसर सांगितला, ग्राफिक कार्ड सांगितलं, घसा कोरडा पडला. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "ते सगळं ठीक. अ‍ॅव्हरेज किती देतं?"

पूर्वी मी अशा प्रश्नावर गेममध्ये सेकंदाला किती फ्रेम, म्हणजे चित्रं, पडतात ते समजावत बसायचो. आता अंगात त्राण नाही. म्हटलं, "साठ देतं."

"मग लई झालं की! माझी मोटारसायकल पन्नास देती."

पीसी त्याच दिवशी गेला. बारा वर्षांत इतकी सोपी विक्री मी दुसरी केली नाही.

*

दुसरा त्रास म्हणजे बजेट. बजेट विचारलं की गिऱ्हाईक हमखास म्हणतं, "पैशाचं बघू नका, वस्तू चांगली दाखवा." वस्तू दाखवली की म्हणतं, "एवढ्यात म्हैस येती."

एकदा मी वैतागून म्हटलं, "मग म्हैसच घ्या."

"घेतली असती," तो म्हणाला, "पण धार कोन काढनार?"

मी चहा सांगितला.

*

हिराबाई आल्या तेव्हाही मी सवयीनं बजेट विचारलं. त्या म्हणाल्या, "ते मागनं बघू. हँडलवालं मशीन हाय का?"

त्यांचे मालक रामभाऊ म्हणजे उसाच्या ट्रॅक्टरवरचे जुने ड्रायव्हर. दोन ट्रॉल्या जोडून कारखान्यावर नेणारा माणूस. उन्हाळ्यात त्यांच्या अंगावरून वारं गेलं. पाय सुधारला, पण उजवा हात लोंबतच राहिला. व्यायामाच्या डॉक्टरांनी बोटं हलवायला रबरी चेंडू दिला, तो रामभाऊंनी डाव्या हातानं गोठ्यात भिरकावला. मग डॉक्टरच म्हणाले, "व्हिडिओ गेम खेळू द्या, पण हँडल दोन्ही हातांत धरायला लावा. बोटं आली तर त्यानं येतील."

"हात आला न्हाई तर ट्रॅक्टर गेला," हिराबाई म्हणाल्या. "आन ट्रॅक्टर गेला तर हा मानूस खाटंवरनं उठायचा न्हाई. मला ठावं हाय."

हे सांगताना त्यांचा आवाज जरासुद्धा हलला नाही.

*

आमच्या दुकानात एक रिटायर्ड गुरुजी रोज पेपर वाचायला येतात. आजवर पेनड्राईव्हसुद्धा विकत घेतलेला नाही, पण सल्ला प्रत्येकाला देतात. ते हिराबाईंना म्हणाले, "बाई, पैसे घालवायचेच तर पीसी घ्या. गेम होतो, फॉर्म भरता येतात, घरबसल्या सातबारा निघतो."

"सातबारा तलाठी देतोय, गुरुजी. मला बोटं पायजेत."

गुरुजींनी पेपर तोंडासमोर धरला. मी हिराबाईंना माझं मत सांगितलं. घरात टीव्ही आहे, तर पीसी आणि वर पुन्हा स्क्रीन कशाला? माझ्याकडं टीव्हीला जोडून हँडलवर खेळायचा जुना कन्सोल होता, चांगल्या स्थितीतला. गेमच्या सीड्या जुन्या मिळतात, कंटाळा आला की बदलून न्यायच्या. आमच्या धंद्यात ज्यात नफा कमी तेच गिऱ्हाइकाच्या सोयीचं निघतं, हे आमचं नशीब.

हिराबाई म्हणाल्या, "मालकांना घिऊन येते. त्यांनी हातात धरलं तर घीन, न्हाईतर न्हाई."

*

रामभाऊ आले ते तोंड पाडूनच. स्टुलावर बसले आणि म्हणाले, "मी काय ल्हान लेकरू हाय व्हय?" हँडलकडं बघायला तयार नाहीत. हिराबाई हळूच म्हणाल्या, "येवढं धरून बघा की." रामभाऊंनी मान फिरवली.

मी शेतीचा गेम लावला आणि हँडल गुरुजींच्या हातात दिलं. गुरुजींनी ट्रॅक्टर जो सोडला, तो भरल्या ट्रॉलीसकट थेट उतारावर. रामभाऊ तिरक्या नजरेनं बघत होते. वळण आलं तसे ते चुळबुळायला लागले.

"गुरुजी, गेर टाका. उतार हाय. अवो, ट्रॉली ढकलती म्हागनं!"

ट्रॉली पलटी झाली. गुरुजी म्हणाले, "हा गेमच सदोष आहे."

"गेम कशाचा सदोष? आना हिकडं." रामभाऊंनी डाव्या हातानं हँडल घेतलं आणि मांडीवर ठेवलं. हिराबाईंनी त्यांचा उजवा हात उचलून दुसऱ्या बाजूवर ठेवला आणि बोटं एकेक करून वाकवून दिली. हात घसरला. त्यांनी परत ठेवला. असं सात-आठ वेळा झालं. गिऱ्हाईक येऊन उभं होतं, त्याला मी हातानंच थांबवलं.

कन्सोल त्यांनी नेला.

*

त्यानंतर तीनेक महिने त्यांची काही खबर नव्हती. मीही फोन केला नाही. खरं सांगायचं तर भीती वाटायची.

मग एका सोमवारी हिराबाई आल्या, रागातच. उजवा हात बांगड्यांनी भरलेला आणि डाव्या हातात दोनच बांगड्या.

"शेठ, अजून एक हँडल द्या."

"का? बिघडलं?"

"त्याला काय धाड भरलीय! मालक सोडीनात. मी बी खेळते आता, पर माझा नंबर येऊच देत न्हाईत. काल मी वढून घ्याया गेले तर मनगट धरलं माझं. असं धरलं, चार बांगड्या वाढल्या."

मी नवीन हँडलचा खोका काढून काउंटरवर ठेवला. किंमत सांगायची तर तोंडून भलतंच निघालं. "कुठल्या हातानं धरलं?"

"कुठल्या म्हंजी? मांडीवर हँडल हुतं, डाव्या हातानं ते दाबून धरलेलं, आन असं..." त्यांनी स्वतःचं डावं मनगट उजव्या हातानं धरून दाखवलं.

हात तिथंच राहिला.

गुरुजींनी पेपर खाली केला. हिराबाईंनी पदर तोंडावरून फिरवला आणि खोका माझ्याकडं सरकवला.

"ऱ्हाऊ द्या शेठ," त्या म्हणाल्या. "एकावरच भांडू आमी."