आग्नेयेचा इन्व्हर्टर

आमच्या शेजारच्या काकांनी निवृत्त झाल्यावर नाशिकला जायला जुनी मिनीबस घेतली आणि तिच्यात पलंग, शेगडी, मिक्सर असं घर थाटलं. आमच्या हिंदी मुलखातल्या संकठा घाटाच्या गल्लीत सायकलही कण्हत शिरते, म्हणून बस बाहेर मैदानात उभी, तोंड पूर्वेला. काका खिशातलं होकायंत्र बघितल्याशिवाय खुर्चीतही बसत नाहीत.

इन्व्हर्टर म्हणजे अग्नी, म्हणून तो आग्नेयेला. बॅटरी जड, म्हणून नैर्ऋत्येला. एक पुढे, दुसरी पार मागे.

मिस्त्री वैतागला, "दोनों पास रखिए बाबूजी. इतनी दूर रखेंगे तो तार नहीं, अजगर लगेगा."

काकांनी अजगर आणला. ती केबल वळेचना, मग पलंगाला भोक पाडून आरपार नेली.

मिक्सर फिरला. काकूंनी सगळ्यांना चटणी वाटली.

मी म्हटलं, "काका, बस वळली की आग्नेय बदलेल ना?"

काकांनी होकायंत्र पाहिलं. मग म्हणाले, "वळवायचीच नाही. नाशिक पश्चिमेला आहे. रिव्हर्समध्ये जाऊ."

"इतक्या वर्षांनी माहेरी जायचं, तेही पाठमोरं?" म्हणत काकूंनी होकायंत्र हिसकावलं आणि मिक्सरमध्ये टाकलं.

केबल खरंच उत्तम होती. मिक्सर जराही अडखळला नाही.