मास्टरसाहेबांच्या डबलचा अर्थ

कापसाच्या जिनिंगवर फिटर म्हणून परतूरला आलो तेव्हा ब्रिज हा पत्त्यांचा खेळ असतो, हेही मला ठाऊक नव्हतं. घर लांब, तळकोकणात. शाळा आठवीत सुटलेली. बियाण्यांच्या दुकानामागच्या खोलीत रविवारी दुपारी चौघं खेळत. त्यातल्या एकाची बदली झाली आणि उर्दू शाळेतून निवृत्त झालेल्या मास्टरसाहेबांनी मला जोडीदार म्हणून समोर बसवलं. "मिस्त्री, आवाज ऐकून मशीनचा बिघाड सांगता ना? मंग हे बी येईल."

बरंच आलं. एक गोष्ट मात्र अंगवळणी पडेना. विरोधी जोडीतल्या एकानं 'एक बदाम' अशी बोली लावली आणि मास्टरसाहेबांनी 'डबल' दिलं, तर ती 'तुमची बोली बुडवतो' अशी धमकी नसते. तो मला निरोप असतो: माझ्याकडे बदाम कमी, बाकी रंगांत जोर आहे, तुमचा रंग सांगा. मधला गडी पास म्हणाला, तर एकही चित्र नसलं तरी मला बोलावंच लागतं. आणि मला तर गप्प राहायची सवय. एकदा अशीच रद्दी पानं आली, लाजून पास म्हणालो. विरोधी जोडीनं डबल झालेली 'एक बदाम'ची बोली आरामात पुरी केली, दुप्पट गुण नेले.

दुकानाचे शेठ हसले, "मास्टरसाब, जालन्याच्या स्पर्धेला जोडीदार बदला. मिस्त्रीला मशीनच बराबर!"

"नावं देऊन झाली," मास्टरसाहेब म्हणाले. मग माझ्याकडे वळले. "पानं हलकी असू द्या. पण विचारलं तर जवाब द्या. तुम्ही बोललाच न्हाई, तर मला काय कळावं?"

जालन्याला जाताना एकच धास्ती: माझ्यापायी या माणसाचं हसं नको.

तिसऱ्याच टेबलावर तेच समोर आलं. स्पर्धेत बोली कार्ड ठेवून सांगतात; डावीकडच्या डॉक्टरांनी 'एक बदाम' मांडलं, मास्टरसाहेबांनी डबलचं कार्ड ठेवलं. उजवीकडे एक प्राध्यापक होते. त्यांनी मला विचारलं, "यांच्या डबलचा अर्थ?" नियमच आहे, अर्थ डबल देणाऱ्यानं नाही, जोडीदारानं सांगायचा. मास्टरसाहेबांची नजर पानांत. मान हलवायचीही त्यांना मुभा नव्हती.

पानं टेबलावर पालथी ठेवली. मग सांगितलं, "डाव उघडण्याइतकी ताकद, बदाम कमी, इतर तिन्ही रंगांना आधार. ते माझा रंग विचारतायत. तुम्ही पास म्हणालात तर मला बोलणं भाग आहे. तेव्हा मी बोललो म्हणून माझ्याकडे काही आहे, असं धरू नका."

त्यांनी मान डोलावली, पास म्हणाले. माझ्याकडे इस्पिकची चार पानं होती, सगळ्यांत मोठी नव्वी. 'एक इस्पिक' ठेवलं. डॉक्टर 'दोन बदाम', मास्टरसाहेब 'दोन इस्पिक', प्राध्यापक 'तीन बदाम'. पुढं सगळे पास. त्यांना सहावर तीन, म्हणजे नऊ हात करायचे होते, आठच झाले; बोली बुडाली.

पानं परत ठेवताना प्राध्यापकांनी विचारलं, "आपण कुठं शिकवता?"

"मी? मी परतूरला जिनिंगवर फिटर आहे."

"आन् माझे पार्टनर," मास्टरसाहेब म्हणाले.

आम्ही कितवे आलो ते सोडा. गाडीत बसल्याबरोबर आईला फोन लावला. तिला बदाम-इस्पिक काय कळणार? पण त्या प्राध्यापकांनी काय विचारलं, ते मी तिला दोनदा सांगितलं.

"मगे, खरां सांगलंस मां, फिटर म्हणान?" ती म्हणाली.

"सांगलंय गे."