मधला व्हॉल्व्ह

घरी जुळवलेल्या अ‍ॅम्प्लिफायरचा आवाज वाढवला की फाटायचा. मी दोनदा शेवटचे मोठे व्हॉल्व्ह, म्हणजे आवाज वाढवणाऱ्या काचेच्या नळ्या, बदलले. आज पाठ मोडेपर्यंत बसल्यावर कळलं, दमत होता तो मधला छोटा. आलेला क्षीण आवाज जोरकस करून मोठ्यांपर्यंत पोचवायचा तो, आणि त्याच्याकडे मी कधी बघितलंच नव्हतं.

"काय झालं होतं रे?" बाबांनी खाटेवरून विचारलं.

"मधल्यावर फार भार पडत होता," मी पुटपुटलो.

बाबांना कमी ऐकू येतं. माझं बोलणं त्यांना मोठ्यानं सांगते ती माझी बायको, सुमन. इतकी वर्षं तसंच चाललंय.

सुमन भाजी निवडत राहिली. "आज तुम्हीच सांगा. माझा घसा बसलाय."

मी बाबांच्या कानाशी जाऊन तेच वाक्य ओरडून सांगितलं. तिसऱ्या खेपेला माझा आवाज फाटला.