वर एक मासा

आमच्या टाकीत चार मासे राहतील, पाचवा नाही, हे मी सासूबाईंना किती वेळा सांगितलं असेल, देव जाणे. त्यांना पटायचंच नाही. "एवढी थोरली पेटी आणि चार मासे? शोभतं का तुला?" म्हणायच्या आणि खुर्ची ओढून काचेला नाक लावून बसायच्या. जन्मभर झाईच्या कोळीवाड्यात मासळीच्या पाट्या डोक्यावरून वाहिलेल्या बाई त्या. चार मासे म्हणजे त्यांच्या लेखी एका माणसाचं कालवण.

मी शाळेत विज्ञान शिकवते, नवरा रेल्वेत. डहाणू रोडला स्टेशनजवळ आमचा फ्लॅट. मुलगी शिकायला बाहेर गेली, घर खायला उठलं, तेव्हा मी ही खाऱ्या पाण्याची टाकी मांडली. आत दगड, वाळू, दगडांवर जिवंत प्रवाळ. समुद्र इतका जवळ, मग यात अवघड ते काय, असं इथं सगळ्यांनाच वाटतं. अहो, टाकी म्हणजे समुद्र नव्हे. जेवढे मासे तेवढी घाण, आणि घाण वाढली की आधी प्रवाळ मरतो. त्यात लाईट गेली की पंप बंद, पाण्यात असेल तेवढ्या हवेवर सगळ्यांनी तगायचं. आणि लाईट काय, आमच्याकडे कधीही जाते. शिवाय प्रत्येक माशाला लपायला आपापली कपार लागते. हे सगळं धरून माझा आकडा चार होता. पट्टेवाले केशरी क्लाऊनफिश दोन आणि वाळू चाळत बसणारा एक गोबी आणून झाले होते. चौथ्याची जागा मी मुद्दाम रिकामी ठेवली होती.

तेवढ्यात सासूबाई झाईच्या घरात पडल्या. एकट्याच असायच्या तिथं. सकाळी पडल्या, शेजारणीला कळलं दुपार टळल्यावर. खुबा मोडला, ऑपरेशन झालं आणि आम्ही त्यांना इकडे घेऊन आलो. एकटं ठेवायचं नाही, असं डॉक्टरांनी बजावलेलं. पण त्यांचा एकच धोशा, मला परत ने. मला नुसत्या विचारानं धडकी भरायची. पुन्हा पडल्या आणि कुणी आलंच नाही तर?

चौथा मासा आणायला आम्ही वापीला निघालो तर त्याही हट्टानं गाडीत बसल्या. दुकानात त्यांनीच मासा निवडला. फायरफिश. बोटाएवढा, पुढून पांढरा, शेपटीकडे लाल, पाठीवर लांब तुरा. दुकानदार पिशवी बांधायला लागला आणि बाईंनी हात पुढे केला. "उपर एक तो नाखो, भाई."

मासळीबाजारात वाटा घेतला की मासेवाली वर एक टाकते. नाही टाकला तर गिऱ्हाईक जागचं हलत नाही, आणि गिऱ्हाईक न मागता निघालं तर मासेवालीलाच चुकल्यासारखं होतं. ती सवय बाईंनी थेट काचेच्या टाक्यांपुढे काढली. दुकानदार खो खो हसला. त्यानं एक चिमुकला निळा डॅमसेल पिशवीत सोडला. मी तोंड उघडलं, तेवढ्यात सासूबाई हसल्या. पडल्यानंतर पहिल्यांदाच हसल्या. मग काय बोलणार, कप्पाळ?

मासे टाकीत सोडल्यावर सासूबाई फायरफिशपुढून हलेनात. "हा आहे तोवर आहे मी इथं," एक दिवस म्हणाल्या. सहज म्हणाल्या असतील, पण मी ते घट्ट धरून ठेवलं. माझं निम्मं दडपण उतरलं.

ते परत चढवलं त्या निळ्यानं. थोडे दिवस गरिबासारखा राहिला. मग मधली मोठी कपार त्यानं बळकावली आणि रंग दाखवायला सुरुवात केली. फायरफिश जरा खाली आला की हा अंगावर धावायचा. फायरफिश वरच्या कोपऱ्यात, पंपाच्या मागे थिजून राहिला. खाणं सोडलं. तुऱ्याची कड फाटली. मी आमिष घालून बाटलीचा सापळा लावला, तर त्यात गोबी शिरला. जाळी आत घातली की निळा कपारीत गुडूप. माझं डोकंच फिरलं. सासूबाई काचेपुढे बसून राहायच्या. त्यांचंही ताट अर्धं उरायला लागलं.

फायरफिश घाबरला की पाण्याबाहेर उडी मारतो, हे मला माहीत होतं. म्हणून वर मच्छरदाणीचं कापड ताणून बांधलं होतं. तरी एका संध्याकाळी स्वयंपाकघरात मला सासूबाईंची हाक आली, अगदी हळू. कापडाच्या सैल कोपऱ्यातून तो बाहेर पडला होता. फरशीवर, त्यांच्या पायाशी. त्यांना वाकता येत नव्हतं. ओल्या हातानं उचलून मी त्याला पाण्यात सोडलं. बराच वेळ तो आडवा तरंगला, मग कल्ले हलले. 

रविवारी मी ठरवलं, सगळे दगड बाहेर काढायचे. यात धोका होता. वर्षभर वाढवलेला प्रवाळ तुटला असता, वाळू ढवळून पाणी नासलं असतं, सगळेच मासे गेले असते. नवरा ड्युटीवर. टाकीतलंच पाणी काढून मी दोन टब भरले आणि एकेक दगड उचलून त्यांत ठेवत गेले. पाणी गढूळ झालं. पुढचं दिसेना. जीव मुठीत धरून हात घालत होते. शेवटचा दगड निघाला तेव्हा निळ्याला लपायला जागा उरली नाही, आणि तो जाळीत आला. त्याला बादलीत टाकलं.

फायरफिश कुठेच नव्हता. टाकीत नाही, फरशीवर नाही, पंपाच्या जाळीवरही नाही. एखाद्या दगडाखाली चेपला तर गेला नाही ना? मला रडू यायला लागलं, आणि मी ते लपवलंही नाही. सासूबाई टबांकडे टक लावून बसल्या होत्या. "हलू नकोस," त्या म्हणाल्या. टबातल्या एका दगडाच्या भोकातून लाल शेपटी दिसत होती. तो दगडासकट बाहेर आला होता आणि जिवंत होता.

दगड परत रचून पाणी निवळेपर्यंत दुपार कलली. फायरफिश तळाशी उतरला, टाकलेलं खाणं त्यानं टिपलं. आता टाकीत चार मासे होते आणि मला वाटलं, जिंकलो आपण. निळ्याला दुसऱ्या दिवशी वापीला परत द्यायचं ठरलं, दुकानदार फोनवर हो म्हणाला.

सासूबाईंनी खुर्ची बादलीपाशी ओढली होती. निळा एकसारखा गोल फिरत होता, भिंतीला तोंड घासत. त्यांनी आपला चहाचा रिकामा कप धुऊन मागितला आणि अलगद आत सोडला. निळा त्याच क्षणी कपात शिरला आणि दारात उभा राहिल्यासारखा बाहेर बघायला लागला. त्यांनी बोट बुडवलं, तर बोटावर धावला.

"उगाच भांडखोर म्हटलं याला," त्या म्हणाल्या. "आपली जागा राखत होता."

मग माझ्याकडे न बघताच म्हणाल्या, "मला झाईला ने गं आता."

मी भडकले. "म्हणजे? दिवसभर मी हे कशासाठी केलं? तुम्हीच म्हणाला होतात ना, हा मासा आहे तोवर आहे मी? तो जगला, आई. समोर बघा, खातोय."

"तो जगेल. चांगला जगेल," त्या म्हणाल्या. "मी माशासाठी कुठे राहिले होते? तुझी लेक शिकायला गेलेली, आणि मी इथं आले तेव्हा तू शाळेतून येऊन त्या काचेशी एकटीच बोलत बसायचीस. मला बघवेना."