गिरणीवरचा समुद्र

ऑइल पेंटची एक खोड आहे, ते लवकर वाळत नाही. वॉटरकलरचं चित्र संध्याकाळी काखेत मारून घरी नेता येतं. ऑइलचं चित्र आठवडा आठवडा भिंतीला टेकवून ठेवायचं. आणि चित्र वाळत ठेवलंय म्हटलं की माणसं येणार, बघणार आणि काहीतरी बोलून जाणार! आमच्याकडं किस्से साठतात ते असे.

आमच्याकडं म्हणजे तिघांच्या स्टुडिओत. एक मी. दुसरे साळवे सर, शाळेतून रिटायर झालेले चित्रकलेचे शिक्षक. तिसरे रफिकभाई. ते आधी दुकानांच्या पाट्या रंगवायचे. फ्लेक्स आला, पाट्या गेल्या आणि रफिकभाई आमच्यात आले. आम्ही तिघंही छत्रपती संभाजीनगरात बसून समुद्र रंगवतो. का? कारण गिऱ्हाईक तेच मागतं. अजिंठा-वेरूळ इथल्या प्रत्येकानं शाळेच्या सहलीत बघून टाकलंय!

*

देवगाव रंगारीचे माझे काका पहिल्यांदा स्टुडिओत आले, तेव्हा ईझलवर माझा चांगला मोठा समुद्र होता. काका हात मागं बांधून बराच वेळ बघत राहिले. मला वाटलं, आता शाबासकी मिळणार.

"एवढं पाणी हाय," काका म्हणाले, "अन् काठाला एक मोटर नाय?"

"काका, समुद्र आहे तो!"

"असू दे की." काकांनी चित्राकडं पुन्हा एकदा हळहळून बघितलं. "लाइट नसंल तिथं."

*

स्टुडिओ पिठाच्या गिरणीच्या बरोबर वर आहे. खाली गिरणी सुरू झाली की जिन्यातून पीठ वर येतं आणि ओल्या रंगावर जाऊन बसतं. आम्ही दारं लावून बघितली, ओले पडदे बांधून बघितले. काही उपयोग नाही. सरांचा एक समुद्र तर असा पांढुरका झाला, की त्यांनी वैतागून तो भिंतीकडं तोंड करून ठेवला.

तेवढ्यात एक दातांच्या डॉक्टरीणबाई आल्या. त्यांना क्लिनिकसाठी चित्र हवं होतं. बाईंनी नेमकं तेच चित्र फिरवून बघितलं.

"अय्या, पहाटेचं धुकं! किती सॉफ्ट आलंय! हे कसं जमवता हो?"

सर खोटं बोलत नाहीत. मान खाली घालून म्हणाले, "त्याला... दळावं लागतं."

"तुम्ही स्वतः रंग दळता?" बाई गहिवरल्याच!

चित्र गेलं. मग बाईंच्या मैत्रिणीला तसंच धुकं हवं झालं, मग मैत्रिणीच्या जावेला. आता रफिकभाई सकाळी जिन्यातून खाली ओरडतात, "ओ गिरणीवाले! आज बाजरी नक्को! हमारे कू सुबह की धुंद होना, गेहूँ डालो!"

बाजरी फक्त पावसाळी ढगांना.

*

लासूर स्टेशनच्या एका आडत व्यापाऱ्यानं नव्या बंगल्यासाठी समुद्र पसंत केला. सगळं ठरलं आणि शेठजी अडले.

"ह्यात सूर्य मावळतोय. वास्तुवाले म्हणले, उगवता पाहिजे."

सर समजावायला बसले. "शेठजी, आपला समुद्र पश्चिमेला. तिथं सूर्य पाण्यात फक्त मावळतो. उगवतो तो डोंगरातून, तुमच्या पाठीमागून."

सरांचा भूगोल बरोबर होता, पण शेठजी चपला घालायला लागले! रफिकभाईंनी शांतपणे चित्र उलटं केलं, मागं लिहिलेलं 'गणपतीपुळे' खोडलं आणि तिथं 'पुरी, ओडिशा' असं लिहिलं.

"लो शेठ, उगा दिया!"

शेठजींनी चित्र परत निरखलं. "आता कसं!" म्हणाले.

सर कितीतरी दिवस रफिकभाईंशी बोलत नव्हते.

*

लाटांची प्रॅक्टिस करायला आम्ही पैठणला नाथसागरावर जातो. धरण एवढं मोठं, की पलीकडचा काठ दिसत नाही. पण पाणी गप्प. लाट म्हणून उठत नाही.

एकदा एक गुराखी म्हशी घेऊन आला. म्हशी पाण्यात उतरल्या आणि काय देखण्या लाटा आल्या म्हणून सांगू! आम्ही तिघं ब्रश घेऊन तुटून पडलो. रंग कालवेपर्यंत लाटा संपल्या. आमची पडलेली तोंडं बघून गुराखी जवळ आला.

"काय झालं मॅडम?"

"लाटा थांबल्या हो."

"मंग त्यात काय! परत उतरवतो की!"

त्या भल्या माणसानं ऊन उतरेपर्यंत म्हशी आत-बाहेर केल्या. शेवटी एक म्हैस पाण्यातच बसली ती उठेना.

त्यातलं एक चित्र बघताना गिऱ्हाईक म्हणालं, "हे पाण्यातले काळे खडक लई भारी! पण ह्या खडकाला कान कसे?"

"हवा से होता," रफिकभाई म्हणाले.

*

शेवटी आम्ही खऱ्या समुद्रावर गेलो. सरांनी आयुष्यभर समुद्र रंगवला, पण बघितला कधीच नव्हता. मी आणि रफिकभाई समुद्र सोडून सरांच्याच तोंडाकडं बघत होतो. सरांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला.

"निळा कमी पडलाय," म्हणाले.

आम्ही अगदी पाण्याजवळ ईझल मांडले. तेव्हा ओहोटी होती, हे आम्हाला मराठवाड्यातल्या माणसांना काय कळणार! रंगवण्यात असे गुंगलो, की पाणी घोट्याला लागलं तेव्हा जाग आली. रफिकभाई समुद्राला हात दाखवून ओरडले, "अरे रुक ना रे, दो मिनट! तेराइच कर रा मैं!"

समुद्र थांबला नाही. सरांची एक चप्पल आणि माझी पांढऱ्या रंगाची नवीकोरी ट्यूब घेऊन गेला.

वर वाळूत जाळं नीट करत बसलेल्या मावशी आमची पळापळ मजेत बघत होत्या. मी चिडून म्हटलं, "मावशी, सांगायचं तरी, पाणी येतं म्हणून!"

"तो रोजच येतो हो," मावशी म्हणाल्या. "तुम्ही आज आलात!"

*

शहरातल्या एका नव्या हॉटेलच्या मालकांना रिसेप्शनमागच्या भिंतीसाठी समुद्र हवा होता. आधीच्या दोन चित्रकारांना त्यांनी परत पाठवलेलं. कारण एकच, "खरा वाटत नाही." सरांनी आयुष्यातला सगळ्यात मोठा कॅनव्हास ताणला. जेवणाकडं लक्ष नाही, झोपेकडं लक्ष नाही. एवढं मोठं काम त्यांना कधी मिळालंच नव्हतं, आणि गेलं तर परत मिळणारही नव्हतं.

मालक बघायला येणार त्याच दिवशी सरांची माय बिडकीनहून आली. म्हातारीचा सगळा जन्म शेतात गेलेला. लेकानं समुद्र केलाय म्हणून बघायला आली होती. दारात चपला काढल्या आणि जागीच थबकली.

"बया! केवढा ह्यो!"

आम्ही काही म्हणायच्या आत ती सरळ चित्रापाशी गेली, वाकली, खालच्या लाटेत हात घातला आणि भक्तिभावानं दोन्ही डोळ्यांना लावला. लाटेवर चार बोटं उमटली!

"माय! वलं हाय ते!" सर किंचाळले.

"पानी हाय म्हनल्यावर वलं असनारच की!"

मी मागं वळले, तर दारात हॉटेलचे मालक उभे. कधी आले, किती बघितलं, देव जाणे. सरांच्या तोंडावरचा रंगच उडाला. रफिकभाईंनी डोळे मिटून घेतले.

माय आपली निळी बोटं उजेडात धरून बघत होती. मग तिनं एक बोट हळूच जिभेला लावलं.

"व्हय रं बाबा," ती सरांना म्हणाली, "खारट हाय!"

मालक पुढं आले. चित्राकडं बघितलं, मायकडं बघितलं, आमच्याकडं बघितलं. मग त्यांनी एक बोट त्याच लाटेत बुडवलं, तोंडात घातलं आणि डोळे मिटून जरा वेळ तसेच उभे राहिले.

"पॅक करा," म्हणाले.